आतल्या बाजूचा नट

माझं मनगट बघून आम्हाला खोली मिळाली. खाडीकाठच्या अंजूरला भाड्याने खोली शोधत आम्ही नवरा-बायको चपला झिजवत होतो. डिपॉझिट विचारणारे भेटले, जात विचारणारे भेटले, घरात सुक्या मासळीचा वास चालेल ना असं विचारणारेही भेटले. घरमालक दादांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते गाडीखालून अर्धे बाहेर आले. डोळ्यांवर लहान मुलं पोहताना लावतात तसा निळा चष्मा. मला म्हणाले, "हात दाखव जरा, बाय." माझा नवरा पुढे सरसावला. मला वाटलं, हा म्हातारा एकतर ज्योतिषी असणार नाहीतर चावट. दादांनी दोन बोटांनी माझं मनगट मापलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि आपल्या बायकोला, म्हणजे काकींना सांगितलं, वरची खोली यांना दे.

असं का, ते पहिल्याच रविवारी कळलं.

सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. आगरी घर, पिढ्यानपिढ्या भातशेती आणि खाडी. आता शेतं गोडाऊनखाली गेली होती आणि दापोड्याच्या दोन गोडाऊनचं भाडं घरबसल्या यायचं. दादांच्या वयाची इतर माणसं गळ्यात जाड चेन घालून पांढऱ्या मोठ्या गाड्यांतून हिंडायची. दादांकडेही चेन होती. ती ते गाडीखाली शिरायच्या आधी काढून गाडीच्या आरशाला टांगून ठेवायचे, आणि पुष्कळदा विसरायचे. मग काकी ती उचलून नेताना मुद्दाम मोठ्यांदा म्हणायच्या, घ्या, सवतीला दागिना घातला, आम्हाला राहू दे. काकी त्या गाडीला सवतच म्हणायच्या.

गाडी अंगणात शेवग्याखाली उभी असायची. जुनी डिझेलची, मागे समोरासमोर दोन बाकं असलेली, आणि पुढची डावी बाजू खचलेली. दादांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने गवताच्या धंद्यावर ती घेतली होती, सेकंडहँडच. एके काळी अख्खं घर तिच्यात कोंबून बसायचं आणि कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं. आता चाकाला धरून ठेवणारा खालचा आडवा दांडा खराब झाला होता. गॅरेजवाले त्याला लोअर आर्म म्हणतात. त्यातल्या रबराच्या बुशचा भुगा झाला होता. नवा आर्म दादांनी कधीच आणून घरात ठेवला होता, पण जुना निघेल तेव्हा नवा बसणार. आणि जुना एका लांब बोल्टवर अडकलेला होता.

खाडीची हवा लोखंड खाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खिडकीचे गज खाते, शटर खाते, बोल्ट तर काय. त्या बोल्टचं डोकं बाहेरच्या बाजूला होतं, त्यावर पाना नीट बसायचा. नट मात्र आतल्या बाजूला, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पोकळीत. तो दिसायचा नाही, नुसता हाताला लागायचा, आणि हातही बारीक हवा. बाहेरून एकाने बोल्ट फिरवायचा आणि तेव्हा आतून दुसऱ्याने नट धरून ठेवायचा. एकट्याचं ते कामच नव्हे. आमच्या आधीचा भाडेकरू काटकुळा होता, पण लग्न मानवलं त्याला आणि हात आत जाईना. म्हणून माझं मनगट.

मी निजामपुऱ्यात, यंत्रमागांच्या वस्तीत वाढलेली. लूमच्या खटखटीत झोपणारी, लूम बंद पडला की जागी होणारी. आवाजाचं मला काय सांगता. पण दादांच्या हातोडीने डोकं उठायचं. आठवडाभर दापोड्याला गोडाऊनच्या ऑफिसात ड्युटी करून रविवारी जरा उशिरा उठावं म्हटलं, तर खाली ठण, ठण, आणि एकदम चिडीचूप. लूमची लय असते, माणूस तिच्यावर झोपतो. दादांचं तसं नव्हतं. दोन-तीन घाव घालायचे आणि थांबायचे, कान देऊन काहीतरी ऐकत पडून राहायचे. मग पुन्हा ठण. त्या मधल्या गप्प बसण्यानेच माझी झोप उडायची. मी एकदा विचारलं, दादा, काय ऐकता? म्हणाले, लोखंड बोलते. मी मनात म्हटलं, बोलू दे, मला मेलीला झोपू दे.

रोज सकाळी चहा झाला की देवपूजेच्या आधी दादा एका चमच्यात डिझेल आणि तेल कालवून त्या बोल्टला पाजायचे. पाजायचे हा त्यांचाच शब्द. पूजा चुकली तरी हे चुकायचं नाही. गावात कोणी गाडीवरून छेडलं तर म्हणायचे, घरातल्या माणसाला आपण उपाशी ठेवतो का. त्यांच्या अशा बोलण्याला लोक हसायचे आणि दादाही हसायचे, पण चमचा खाली ठेवायचे नाहीत.

अंगणाच्या मधोमध एक भिंत होती. दादांच्या बाजूने तिच्यावर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला गाडीतून निघालेली एकेक वस्तू टांगलेली. झिजलेली बुशं, तुटकी स्प्रिंग, खिळखिळे झालेले बॉल जॉइंट. जुनं काहीही त्यांनी भंगारात दिलं नाही. नव्या सुनेला घरातल्या फोटोंची ओळख करून द्यावी तसे दादा आल्यागेल्याला त्या वस्तू दाखवायचे, ही अमुक साली खोपोलीला तुटली, ही कार्ल्याच्या पायथ्याशी. भिंतीच्या पलीकडे धाकटा भाऊ राहायचा. भिंत त्याने घातली होती.

दापोड्याचा एक मिस्त्री होता, जौनपूरकडचा, हुशार हाताचा. काकींनी त्याला दादांना न विचारता बोलावलं. तो गाडीखाली जाऊन आला, हात पुसले आणि म्हणाला, "दादा, कटर मारने दो. पाँच मिनट का काम है." दादांनी त्याला चहा दिला, भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, घरच्या पोराबाळांची चौकशी केली आणि रिक्षात बसवून परत पाठवलं. गाडीला हात लावू दिला नाही. तो गेल्यावर मला म्हणाले, "कापाला अक्कल लागत न्हाय, बाय. सोडवाला लागते."

हे वाक्य ते वरचेवर म्हणायचे. शेवग्याची फांदी असो, कोळ्याकडून आणलेलं गुंतलेलं जाळं असो, कापायचं म्हटलं की दादांच्या कपाळावर आठी. एकदा माझ्या तांदळाच्या पोतडीची गाठ बसली, मी कात्री घेतली तर त्यांनी पोतडी हातातून काढून घेतली आणि ओट्यावर बसून संध्याकाळपर्यंत ती गाठ सोडवली. माझा सगळा स्वयंपाक खोळंबला.

आता त्या भिंतीबद्दल. हे मला काकींनी सांगितलं, मागच्या दारी सुकट निवडताना. खाडीकडची खार जमीन दोघा भावांची होती. तिथंच घरचं खळं. दादा कार्ल्याला गेले असताना धाकट्याने बोलणी पक्की केली आणि जमीन गोडाऊनवाल्याला दिली. पैशाचा प्रश्नच नव्हता, दादांचा वाटा दादांना मिळाला. पण विचारलं नाही. दादा परत आले तेव्हा खळ्यावर भराव पडलेला. त्यांनी चार माणसांत धाकट्याला सांगितलं, आजपासून तू माझा भाऊ न्हाय. धाकट्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात विटा आणल्या. काकी म्हणाल्या, दोघेही एकाच आईचे, एकापेक्षा एक ताठ. सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते सुकटीच्या धुळीवर ढकललं.

या दोघांच्या मध्ये एक मुलगी सापडली होती. धाकट्याची लेक. दादांना स्वतःचं मूल नव्हतं, ती त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. लहानपणी दादांच्या मांडीवर बसून ती त्या गाडीचं स्टिअरिंग धरायची, आणि दादांनी तेव्हा तिला शब्द दिला होता की तुझी पाठवणी याच गाडीतून, मीच चालवणार. भिंत झाली तेव्हा ती कॉलेजात होती. आता तिचं लग्न ठरलं होतं. ही बातमी दादांना गावातल्या लोकांकडून कळली. भिंतीपलीकडून कोणी सांगायला आलं नाही. आमच्याकडे लग्नाचं बोलावणं घरच्या माणसाने उंबऱ्यात येऊन द्यायचं असतं, पत्रिका नुसती टाकून चालत नाही. गावात सगळ्यांच्या उंबऱ्यात धाकटा जाऊन आला. या एका उंबऱ्यात आला नाही.

ती मुलगी मला रिक्षा स्टँडवर भेटायची. एकदा हळूच जवळ आली आणि विचारलं, "मोठ्या बाबांची गाडी निंगल ना वो, ताई?" म्हटलं, निघेल. तिने मान हलवली आणि रिक्षात जाऊन बसली. त्या दिवशी मला ऑफिसात काम सुचलं नाही. तोवर मी दादांच्या रविवारांना वैतागलेली होते, त्यानंतर मात्र हाक यायच्या आधीच खाली जाऊन बसायला लागले.

आणि एका रविवारी बोल्ट हलला. मी आत हात घालून पाना नटावर धरला होता, दादा बाहेरून जोर लावत होते, आणि नेहमीसारखं काहीच होत नव्हतं. दादा म्हणाले, सोड जरा. मी पाना काढून घेतला आणि बोल्ट गर्रकन फिरला. मी आनंदाने ओरडलेच. पण कसलं काय. बोल्टबरोबर आतला नटही फिरत होता. मी नट धरला की बोल्ट जागचा हलेना, सोडला की दोघं मिळून फिरायचे आणि एकमेकांपासून सुटायचे मात्र नाहीत. माझं तोंड उतरलं. दादांचं उतरलं नाही. ते गाडीखालून बाहेर आले, बोल्टच्या डोक्यावर थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाले, मोकला झाला. त्या दिवशी त्यांनी ताजी कोळंबी आणवली आणि आमच्या खोलीवर कालवण पाठवलं. मला कळेना, हा माणूस साजरं काय करतोय.

तेव्हाच मी त्यांना एक सांगितलं होतं. नटाच्या टोकाला मण्यासारखं काहीतरी हाताला लागतंय. दादा म्हणाले, गंज आसंल. मी म्हटलं, गंज खरखरीत असतो, हे गुळगुळीत आहे. ते चष्मा काढून त्याच्या काचा बनियनला पुसत बसले.

लग्न जवळ आलं. पलीकडे मांडव पडला. काकी म्हणाल्या, आता तरी त्या मिस्त्रीला बोलवा, कापू द्या, पोरीला दिलेला शब्द मोठा का तुमचा बोल्ट मोठा? काकी कधी उघड रडत नसत, त्या दिवशी रडल्या. मीही बोलले. म्हटलं, दादा, नवा बोल्ट मिळतो बाजारात, हा कापला तर काय बिघडतं? दादांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका थकलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "माजा न्हाय तो कापाला." आम्हाला काही कळलं नाही. काकींनी हात टेकले आणि आत गेल्या.

हळदीचा दिवस रविवारच होता. सकाळी पलीकडे बायका जमल्या होत्या, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण धवले म्हणायला लागली होती. मी पाना घेऊन खाली गेले. दादा गाडीखाली पाठीवर पडलेले होते, हातोडी बाजूला. मी आत हात घालायला वाकले तर म्हणाले, आज नको. नुसते वर बघत, पलीकडचे धवले ऐकत पडून राहिले. मला जावंसं वाटेना, मी ओट्यावर बसले. दर रविवारी एव्हाना अर्ध्या अंजूरला त्यांची हातोडी ऐकू गेलेली असायची.

किती वेळ गेला कोण जाणे. फाटक वाजलं. धाकटा भाऊ आत आला. अंगावर नवं धोतर, पायात काही नाही, कपाळाला घाम. मी त्याला इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. दादांचंच नाक, दादांचेच खांदे. त्याने मला विचारलं, "दादा कुटं हाय?" आवाज घाबरलेला. हातोडी वाजली नाही म्हणून तो मांडव सोडून आला होता. मी गाडीकडे बोट केलं. गाडीखालून दादांचे पाय बाहेर आले होते. त्याने ते पाय पाहिले आणि मटकन खाली बसला. मग पाय हलले.

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी धाकटाच बोलला.

"त्याला टाका हाय, दादा. नटाला. मी मारलेला."

"म्हाईत हाय," दादा गाडीखालून म्हणाले.

"म्हाईत हाय? मंग काडला का न्हाय?"

"तू मारलास. मी कसा काडू?"

धाकट्याने तोंडावर हात घेतला आणि तो रडायला लागला, मोठ्या माणसाने रडू नये तसा. मांडवात जायचं होतं त्याला, लेकीची हळद होती, आणि तो भावाच्या अंगणात मातीत बसून रडत होता.

गोष्ट अशी होती. पूर्वी एका वर्षी कार्ल्याहून परत येताना घाटात तो नट गळून पडला, चाक वाकडं झालं. गाडीत सगळं घर आणि स्टिअरिंगवर दादा. थोडक्यात वाचले. दुसऱ्या वर्षी निघायच्या पहाटे धाकट्याने कोणाला न सांगता नटाला आणि बोल्टच्या टोकाला वेल्डिंगचा टाका मारला, पुन्हा सुटूच नये म्हणून. लपवून, कारण चाकाच्या कामात वेल्डिंग मारलं की लोखंड ठिसूळ होतं असं दादांचं मत होतं आणि ते चिडले असते. वरून काळा रंग फासला. दादा तेव्हा मोरीत आंघोळ करत होते. खिडकीतून निळा उजेड भिंतीवर पडला, त्यांना सगळं समजलं. बाहेर येऊन ते एक शब्द बोलले नाहीत. त्या टाक्यावर ते कितीतरी वर्षं घाट चढले आणि उतरले.

हे ऐकलं आणि खरं सांगते, मला आधी संताप आला. माझे रविवार! माझी सोललेली बोटं! सुटणारच नाही हे माहीत असून हा माणूस माझ्याकडून नट धरून घेत होता. मग माझ्या ध्यानात आलं की दादा बोल्ट काढत नव्हतेच. ते त्याचा गंज सोडवून ठेवत होते. ज्याचा टाका तो येईल तेव्हा बोल्टने अडू नये, म्हणून. तेल पाजत होते ते यासाठी. आणि मधे मधे गप्प होऊन भिंतीपलीकडची कसली चाहूल घेत होते, तेही मला तेव्हा कळलं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

धाकटा उठला, पलीकडे जाऊन ग्राइंडर घेऊन आला. नव्या धोतरानिशी गाडीखाली शिरला. त्याचाही हात आत जाईना, तेव्हा दोघांनी मिळून वरचा एक पत्रा खोलला आणि तिथून टाका घासला. दादांनी बॅटरी धरली होती. ठिणग्या धोतरावर पडत होत्या, काकी ओरडत होत्या, कोणी ऐकत नव्हतं. टाका गेला. धाकट्याने नट धरला, दादांनी बोल्ट फिरवला आणि तो लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. पलीकडून मुलगी येऊन उभी राहिली होती, पिवळ्या साडीत, हळद लागायच्या आधीच. तिला कोणी थांबवलं नाही.

नवा आर्म बसला, नवा बोल्ट बसला. धाकटा हात पुसत उठत होता तर दादांनी त्याला थांबवलं.

"टाका मार."

"अरे दादा, लोखंड ठिसूल व्हते, तूच बोलतोस. आनि परत काडाचा झाला तर?"

"तू हाईस ना," दादा म्हणाले.

धाकट्याने वेल्डिंग मशीन आणवलं आणि सगळ्यांसमोर टाका मारला. मग तो आत गेला, पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, फाटकाबाहेर जाऊन पुन्हा उंबऱ्यात आला आणि दादांना आणि काकींना लग्नाचं बोलावणं केलं. दुसऱ्या दिवशी पाठवणीला गाडी दारात उभी होती, दोन्ही बाजूंनी सरळ. दादांनीच चालवली. आरशाला चेन टांगलेली तशीच होती.

भिंत मात्र पाडली नाही. पाडू असं दोघंही म्हणायचे. दादा म्हणायचे, खिले काडाला लागतील.

आम्ही पुढे दापोड्याला राहायला गेलो. दादा गेल्या थंडीत गेले, दुपारी जेवून ओट्यावर झोपले ते उठले नाहीत. दहाव्याला मी अंजूरला गेले. सगळे पांगल्यावर पाहिलं, तर धाकटा शेवग्याखाली गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता, हातात चमचा. बोल्टला तेल पाजत होता. मी शेजारी जाऊन बसले. मग म्हणाला, "येवरी वर्षां गेली, ताई. त्याला समदा म्हाईत व्हता. एकदा बोलवाचा तरी मना."

मी म्हटलं, "दादा दर रविवारी बोलवत होते."

त्याने मान खाली घातली. चमच्यातलं तेल सांडलं होतं. त्याने बाटली उघडून तो पुन्हा भरला आणि हात पोकळीकडे नेला, आतल्या बाजूला, नटापर्यंत पोचतो का बघायला.